आरएनए टिकला तर

रक्ताच्या कर्करोगाचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत मी वीसहून अधिक वर्षं काम करते आहे. आमच्याकडे रुग्ण येत नाही, त्याच्या मॅरोची, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेची, ट्यूब येते, दोन-तीन मिलिलिटरची. ती माझ्या हातात पडते तेव्हा पहिली पाहणी बहुधा झालेली असते. मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या पेशी, किती टक्के ते कोणीतरी मोजलेलं असतं, त्या पेशी लिम्फॉइड की मायलॉइड हे फ्लो सायटोमेट्रीने सांगितलेलं असतं. माझं काम त्यापुढचं. या पेशीत आत्ता कोणती जनुकं चालू आहेत, किती जोरात चालू आहेत, आणि चालू असायला हवी होती त्यांतली कोणती बंद पडली आहेत, हे शोधायचं.

आपल्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत डीएनए एकच. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी वेगळ्या होतात त्या त्यांच्यात वेगवेगळी जनुकं चालू असतात म्हणून. जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए प्रती निघतात आणि त्या प्रतींवरून प्रथिन बनतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. रक्तपेशी मॅरोत जन्मते, टप्प्याटप्प्याने मोठी होते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही जनुकं मिटतात, काही नवी चालू होतात. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, ही वाटचाल मध्येच अडते. पेशी कोवळ्या वयातच अडकते, पण तिचं विभाजन काही थांबत नाही. काही आठवड्यांत मॅरो अशा अर्धवट पेशींनी भरून जातो आणि नेहमीचं रक्त बनायला जागाच उरत नाही.

मी एम.एस्सी. करत होते तेव्हा, १९९९ च्या ऑक्टोबरात, ‘सायन्स’ नियतकालिकात टॉड गोलुब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. आमच्या सरांनी तो झेरॉक्स करून सगळ्यांना वाटला. तीव्र ल्युकेमियाच्या ३८ रुग्णांचे मॅरो घेऊन प्रत्येकातल्या ६,८१७ जनुकांची अभिव्यक्ती त्यांनी चिपवर एकाच झटक्यात मोजली होती. कोणाला कोणता प्रकार झाला आहे हे न सांगता ते आकडे संगणकाकडे दिले, आणि संगणकाने पाडलेले गट डॉक्टरांच्या निदानाशी बरेचसे जुळले. लिम्फोब्लास्टिक आणि मायलॉइड हे दोन प्रकार ओळखायला ५० जनुकांची यादी पुरली. लेखात आणखी एक नोंद होती, जिच्याकडे तेव्हा आमच्यापैकी कोणाचंच फारसं लक्ष गेलं नाही: मायलॉइड प्रकारच्या ज्या रुग्णांना उपचार लागू पडले नाहीत, त्यांच्यात होक्स-ए-९ हे जनुक जास्त चालू होतं.

तो लेख वाचून आम्हाला वाटलं, आता मायक्रोस्कोप अडगळीत जाणार. एक चिप, हजारो जनुकं, पंधरा मिनिटांत उत्तर. तसं झालं नाही. पुढे ११ प्रयोगशाळांनी मिळून तीन हजारांवर रुग्णांची चिपवर तपासणी केली, २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि ते चांगलेच होते. तरी आमच्यासारख्या प्रयोगशाळांचं रोजचं काम चिपवर गेलं नाही. खर्च हे एक कारण. दुसरं, माझ्या मते जास्त मोठं, कारण मला कामाला लागल्यावर कळलं. ते म्हणजे आरएनएचा नाजूकपणा.

डीएनए खमका असतो. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या वाळक्या स्लाइडवरूनही तो निघतो. आरएनए तोडणारी एन्झाइम मात्र आपल्या बोटांवर, घामात, टेबलावर, सगळीकडे असतात. पेशी फुटली की तिच्या पोटातूनच ती बाहेर पडतात. शिवाय ट्यूबमध्ये गेलेली पेशी काही तास जिवंत असते. तिला शरीराची ऊब मिळेनाशी होते, मग ती काही जनुकं बंद करते आणि ताणाला तोंड देणारी चालू करते. सकाळी काढलेला मॅरो दुसऱ्या दिवशी तपासला, तर रुग्णाच्या आजाराबरोबर मी ट्यूबमधल्या रात्रीचाही परिणाम मोजत असते, आणि यातलं किती कशाचं हे वेगळं करता येत नाही.

आरएनए काढण्याचं काम मी आजही नव्या मुलांना हाताला धरून शिकवते. लाल पेशी आधी फोडून टाकायच्या, उरलेल्या पांढऱ्या पेशी ट्रायझॉलमध्ये विरघळवायच्या, क्लोरोफॉर्म घालून सेंट्रिफ्यूज करायचं. ट्यूबमध्ये तीन थर होतात: तळाशी गुलाबी, मधे पांढरा पातळ, वर रंगहीन. आरएनए वरच्या थरात असतो. पिपेटचं टोक मधल्या पांढऱ्याला लागू न देता वरचा थर उचलायचा. लोभाने शेवटचा थेंब घ्यायला गेलं की मधला थर हमखास ओढला जातो. मग आयसोप्रोपेनॉल घालून पुन्हा फिरवलं की तळाच्या एका कडेला पांढुरका ठिपका बसतो, सुईच्या टोकाएवढा. कधी तो दिसतही नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये ट्यूब कशी ठेवली होती ते आठवून, ठिपका अमुक बाजूला आहे असं धरून, दुसऱ्या बाजूने अल्कोहोल काढून घ्यायचं. त्या न दिसणाऱ्या ठिपक्यावर एखाद्या मुलाचे पुढचे तीन वर्षांचे उपचार ठरत असतात. शिकाऊ मुलांना मी हे एकदा सांगते, परत सांगावं लागत नाही.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून सहा वर्षांच्या मुलाचं सॅम्पल आलं होतं. मॅरो तिथेच काढलेला. वडील रात्रभर एसटीने प्रवास करून थर्मासमध्ये बर्फ भरून ट्यूब घेऊन आले होते. ट्यूबचं झाकण हिरवं होतं. हिरव्या झाकणात हेपॅरिन असतं. क्रोमोसोमच्या तपासणीला ते चालतं, पण पीसीआरची, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून मोजण्याची, प्रक्रिया तेच रोखून धरतं. आम्हाला लागते जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची ट्यूब. पाठवणाऱ्यांनी दोन्ही तपासण्यांना मिळून एकच भरली होती. त्यात बर्फ ट्यूबला थेट टेकलेला, त्यामुळे पेशी गोठून फुटल्या होत्या. शाबूत आरएनएचे जेलवर दोन स्पष्ट पट्टे दिसायला हवेत, तिथे वरपासून खालपर्यंत नुसता धूसर डाग होता.

मी बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं की पोराचा मॅरो पुन्हा काढावा लागेल. ते म्हणाले, “मॅडम, काल लई रडलं हो पोरगं. परत तेच करायचं?” काय बोलणार? मी त्या रुग्णालयाला फोन लावला तेव्हा आवाज चढलेलाच होता. पलीकडचा टेक्निशियन शांतपणे म्हणाला की कोणत्या झाकणात काय असतं आणि कोणतं कशाला लागतं हे त्याला कोणी कधी सांगितलंच नाही. ट्यूबा जशा पुरवल्या जातात तशा तो वापरतो. मुलाचा मॅरो इथे पुन्हा काढला. त्यात ईटीव्ही-६ आणि रंक्स-१ या दोन जनुकांचा जोड सापडला, जो मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातल्या चांगल्या प्रकारांत मोडतो. उपचार पार पडले, मुलगा शाळेत परत गेला. मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की समजली, की आमची तपासणी आमच्या दारात सुरू होत नाही. ती सुरू होते मॅरो काढणाऱ्याच्या हातात, आणि त्या हातापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

जनुकं चालू-बंद होण्यावर आजार किती अवलंबून असतो याची खात्री मला पुस्तकातून पटली नाही, एपीएलने पटवली. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा मायलॉइडचाच एक प्रकार, आणि सगळ्यांत घाईचा. रक्त गोठण्याची सगळी व्यवस्था त्यात कोलमडते आणि निदान होण्याआधीच मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. कॉलेजात शिकणारा एक मुलगा रात्री दाखल झाला. हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं, दंडांवर निळे चट्टे. स्लाइडवर प्रोमायलोसाइट खच्चून भरलेले आणि त्यांत आउअर रॉड, सुयांच्या जुडीसारखे. आमचा पीसीआरचा रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडणार होता. वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्याची वाट पाहिली नाही. स्लाइड पाहूनच ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या, आणि तेच बरोबर होतं. मायक्रोस्कोप अडगळीत गेला नाही याचा मला आज आनंदच आहे.

या आजारात १५ आणि १७ क्रमांकाच्या क्रोमोसोमांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल करतात आणि पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन तयार होतं. ते पेशीला प्रौढ करणाऱ्या जनुकांवर ठाण मांडून बसतं आणि त्यांना चालू होऊ देत नाही. रेटिनोइक ॲसिड हे व्हिटॅमिन ए च्याच कुळातलं. मोठ्या मात्रेत दिलं की हा अडसर सुटतो, जनुकं चालू होतात आणि अडकलेली पेशी मोठी व्हायला लागते. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला ते पहिल्यांदा दिलं आणि ती वाचली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिक आणलं, जे त्या जोडप्रथिनालाच नष्ट करतं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवले. ज्यांना महागडी केमोथेरपी परवडत नाही अशांसाठी ते काम किती मोलाचं आहे, हे आमच्या ओपीडीबाहेरचा व्हरांडा पाहिलेल्या कोणालाही कळेल.

त्या मुलाच्या रक्ताच्या स्लाइड मी रोज मागवून घेत होते. माझं ते काम नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एका पेशीवर नजर खिळली. केंद्रक नीट तीन पाळ्यांचं झालेलं, म्हणजे पेशी बरीचशी प्रौढ न्यूट्रोफिल, आणि तिच्या अंगात अजून एक आउअर रॉड शिल्लक. ही पेशी मरून तिच्या जागी दुसरी निरोगी आलेली नव्हती. तीच मोठी झाली होती, आपली जुनी खूण घेऊन. डीएनएतला बिघाड तिच्यात तसाच होता. बदललं होतं ते कोणती जनुकं चालू आहेत एवढंच. पुढे काही महिन्यांनी त्याच्या मॅरोतून पीएमएल-राराचा आरएनए पीसीआरलाही सापडेनासा झाला, तो रिपोर्ट मी स्वतः सही करून पाठवला.

एका बाईंचा आजार नेमका याच्या उलट निघाला. मायलॉइड ल्युकेमिया, क्रोमोसोम क्रमांक ३ मध्ये उलटापालट. आम्ही ईव्हीआय-१ या जनुकाची अभिव्यक्ती मोजली तर आकडा वरच्या टोकाला. शिकाऊ मुलगी म्हणाली, “ताई, जनुकात बिघाड तर कुठेच नाही.” खरंच नव्हता. अक्षर न् अक्षर शाबूत. हे कोडं २०१४ मध्ये उलगडलं. जीएटीए-२ या दुसऱ्या जनुकाला चालना देणारा डीएनएचा तुकडा त्या उलटापालटीत सरकून ईव्हीआय-१ शेजारी येऊन बसतो. बांध फुटून पाटाचं पाणी भलत्याच वाफ्यात शिरावं, तिथलं पीक सडावं आणि ज्याचं पाणी होतं तो वाफा कोरडा पडावा, तसं. दोन्ही वाफ्यांतलं बी चांगलंच असतं. त्या बाईंना उपचार लागू पडले नाहीत, या प्रकारात ते सहसा पडत नाहीत. शेवटपर्यंत त्या रिपोर्टचा कागद घडी करून पिशवीत ठेवत आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवत. मला त्यांच्याशी बोलताना सगळ्यांत कठीण गेलं ते हे समजावणं, की कारण कळलं म्हणजे औषध मिळालं असं नसतं.

कधी मिळतंही. २००९ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांना मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात एक चमत्कारिक गट सापडला. त्या मुलांत फिलाडेल्फिया क्रोमोसोम नव्हता, त्यातून तयार होणारा बीसीआर-एबीएल हा जनुकांचा जोडही नव्हता, पण जनुकांची चालू-बंद नक्षी हुबेहूब फिलाडेल्फियावाल्यांसारखी होती, आणि आजारही तितकाच हट्टी. हा प्रकार मायक्रोस्कोपला दिसत नाही, क्रोमोसोमच्या तपासणीत बहुधा सापडत नाही. तो कळला तोच अभिव्यक्तीवरून. पुढे आतले वेगवेगळे जोड शोधले गेले, आणि त्यांतल्या काहींवर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब ही औषधं चालतात हेही कळलं.

आमच्याकडे एक शाळकरी मुलगी होती. क्रोमोसोम नॉर्मल, नेहमीचे जोड निगेटिव्ह, आणि पहिल्या महिन्याच्या केमोथेरपीनंतरही मॅरोत आजार रेंगाळलेला. कागदावर सगळं ठीक आणि मुलगी ठीक नाही. आरएनएचं सिक्वेन्सिंग तेव्हा आमच्या इमारतीत होत नव्हतं, बाहेर पाठवावं लागे. सुदैवाने तिचा आरएनए पहिल्याच दिवशी काढून उणे ऐंशी अंशांवर ठेवलेला होता. ईबीएफ-१ आणि पीडीजीएफआरबी यांचा जोड सापडला. डॉक्टरांनी केमोथेरपीत इमॅटिनिब मिळवलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला होता आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात होती, म्हणून तिच्या रिक्षा चालवणाऱ्या वडिलांना ते झेपलं. पुढच्या तपासणीत आजार मोजता येण्याच्या खाली गेला. ती अजून फॉलोअपला येते, आणि तारीख जवळ आली की माझी झोप उडते, हेही खरं.

रिपोर्टचा आकडा हातात घेऊन बसण्याची वेळ नेहमीची. पीसीआरमध्ये प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात, म्हणून साधारण तीन-सव्वातीन फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णांत आम्ही डब्ल्यूटी-१ जनुकाची अभिव्यक्ती पाहतो. माणूस हसत-खेळत घरी असतो, रक्त नॉर्मल असतं, आणि दोन महिन्यांत आलेख वर वळतो, म्हणजे आजार परतू लागलेला असतो. एका तरुण डॉक्टरने मला विचारलं होतं, आधी कळून करायचं काय? प्रश्न बरोबर होता. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करता येतात, दात्याच्या पेशी पुन्हा देता येतात. एका शिक्षिकेच्या बाबतीत त्याने आलेख खाली आला. दुसऱ्या एका गृहस्थांच्या बाबतीत नाही आला, आणि त्यांच्या घरच्यांना आमच्या आकड्याने फक्त सहा आठवडे आधी दुःख दिलं. तरी मी आकडा द्यायच्याच बाजूची आहे. त्या सहा आठवड्यांत त्यांनी मुलीचं लग्न पुढे ओढून घेतलं.

आणि आता ते होक्स-ए-९. विद्यार्थिदशेत आम्ही ज्या ओळीवरून पुढे गेलो, ते जनुक केएमटी-२-ए नावाच्या जनुकाचा जोड असलेल्या ल्युकेमियात फार जोरात चालू असतं. तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात हा जोड सर्वांत जास्त आढळतो आणि ती बाळं वाचवणं फार अवघड. या जोडप्रथिनाला जनुकांवर टिकून राहायला मेनिन नावाच्या प्रथिनाचा आधार लागतो. तो आधार काढून घेणारं रेव्ह्युमेनिब हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते दिलं की होक्स-ए-९ आणि त्याच्या जोडीची जनुकं मंदावतात आणि पेशी मोठ्या व्हायला लागतात, एपीएलमध्ये होतं तसंच. मंजुरी एक वर्षापुढच्या, आजार उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी आहे. म्हणजे ज्या तान्ह्यांना हा आजार पहिल्या वर्षातच गाठतो, ती अजून बाहेरच. इथे ते औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला वेळ लागेल. इमॅटिनिबच्या वेळी जशी झुंज द्यावी लागली तशी पुन्हा द्यावी लागली तर ती दिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आमच्या हातात आहे ते आम्ही करतो. विभागाने जिल्ह्यांसाठी एक छोटं पाकीट तयार केलं आहे: जांभळ्या झाकणाच्या दोन ट्यूबा, आरएनए टिकवणारं द्रव भरलेली एक बाटली, बर्फ आणि ट्यूब यांच्यामध्ये ठेवायचा थर्माकोलचा तुकडा, आणि मराठीत छापलेलं एक पान, ज्यावर कोणत्या झाकणात काय आणि किती भरायचं याची चित्रं आहेत. पान लिहिताना मी मराठवाड्यातल्या त्या टेक्निशियनला फोन करून मसुदा वाचून दाखवला. त्याने दोन वाक्यं बदलायला लावली आणि वेळेचा रकाना वर घ्यायला सांगितला, कारण मॅरो किती वाजता काढला हे लिहायचं सगळे विसरतात. काही रुग्णालयांतून पाकिटं नियमित येऊ लागली आहेत. काहींचे गठ्ठे तसेच पडून आहेत, माणसं बदलली की पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. पुढच्या महिन्यात विदर्भातल्या तीन ठिकाणी स्वतः जाऊन दाखवायचं ठरलं आहे.